आधी पूर्ण वाचा, मग फोन करा

प्रिय आई, बाबा,

फोनवर सांगायला गेले की बाबा नुसतं 'हं' म्हणतात आणि आई जेवलीस का विचारते, म्हणून लिहितेय. नोकरी सोडली. सोमवारी राजीनामा दिला, आता मागे घेता येणार नाही. बाबा, बसून वाचा, पाणी प्या.

मुंबईत जुनी फिल्मची रिळं साफ करून स्कॅन करायचं काम मिळालंय. पगार निम्म्याहून कमी, पण एफडीला हात लावलेला नाही, पीएफ तसाच आहे, तुमचा मेडिक्लेम मी वेगळा काढला, हप्ता भरून झाला. आणि नोएडाहून घरी यायचं म्हणजे दीड दिवस जायचा, आता रात्री महालक्ष्मीत बसलं की सकाळी मिरज.

निर्णय आधीच झाला होता, पण तुम्हाला सांगायचा धीर परवा रात्री आला. झोप येईना म्हणून एक अमेरिकन सिनेमा लावला, 'सोरोरिटी गर्ल', १९५७ चा, ब्लॅक अँड व्हाईट, जेमतेम तासाभराचा, कुणी नावही ऐकलं नसेल. कॉलेजातली सॅब्रा नव्या पोरीला फळीने झोडते, दिवस गेलेल्या एका मुलीला धमकावून आपला डाव साधते. काम करणारी सुझन कॅबट तेव्हा तिशीची, कॉलेजची पोर काही केल्या वाटत नाही, मी हसतच बघत होते. मग तिचा आणि तिच्या आईचा सीन आला. पैसा भरपूर, माया शून्य. तिथे माझं हसू गेलं.

मला कराडचं हॉस्टेल आठवलं. रेक्टरांचा फोन आला तसे बाबा रात्रीच्या एसटीने आले, मला एक शब्द बोलले नाहीत, फक्त आईचे दडपे पोहे पुढे केले, आणि मी ते रडत रडत सगळे संपवले. त्या ज्युनियर पोरीची मी अजून माफी मागितलेली नाही हो. तिचा नंबर शोधतेय.

आणि बाबा, या सिनेमाचा दिग्दर्शक रॉजर कॉर्मन पण इंजिनिअरच, तोही स्टॅनफर्डचा! पहिली नोकरी चार दिवसांत सोडली त्याने. मी सहा वर्षं टिकले, तेवढं तरी माझ्या बाजूने धरा. १९५७ या एका वर्षात त्याचे आठेक सिनेमे आले, सगळे असेच काटकसरीतले, आणि २००९ मध्ये मानद ऑस्कर मिळालं. मला ऑस्कर नकोय, घाबरू नका.

काम त्रासाचं नाही, एसीत बसून असतं. जुनी फिल्म सडायला लागली की व्हिनेगरचा वास सुटतो, ते रीळ बाकीच्यांपासून लांब ठेवावं लागतं, आई, तुझ्या लोणच्याच्या बरणीसारखंच. हातमोजे, मास्क सगळं देतात. खोलीही बघितली, खाली डबेवाल्या काकू आहेत, भाकरी मिळते.

आता ऐका. आई, बीपीची गोळी बरं वाटलं म्हणून बंद करायची नाही. बाथरूममधली ती गुळगुळीत चटई आजच फेका, आज म्हणजे आजच. बाबा, शुगरच्या रिपोर्टचा फोटो पाठवा, मधे अंगठा न येता. मोरेकाकांना नोकरीचं इतक्यात सांगू नका, मी येऊन सांगते.

पंधरा तारखेचं तिकीट काढलंय, वेटिंग चार आहे, होईल कन्फर्म. बाबा, स्टेशनवर येऊ नका, रिक्षा मिळते. आलातच तर कानटोपी घालून या.

तुमची,
चिमी