उतारावर पाय ठेवण्यापूर्वी

वेंगुर्ले

चि. बाय हिला अनेक आशीर्वाद.

फेब्रुवारीत मनालीकडे बर्फातल्या ट्रेकला जाणार असल्याचे कळवलेस. तुझी आई काजूगर बांधते आहे. मी मात्र सैन्यातल्या नोकरीत तिकडे काढलेल्या हिवाळ्यांच्या अनुभवावरून हिमस्खलनाबद्दल, म्हणजे उतारावरून बर्फ कोसळण्याबद्दल, चार गोष्टी लिहितो.

वरून एकसारखा दिसणारा बर्फ प्रत्येक हिमवृष्टीच्या वेगळ्या थरांनी बनलेला असतो. थर पातळ आणि थंडी कडक असली की जमिनीची ऊब व वरचा गारठा यांतील फरकामुळे तळाचे कण जाड साखरेसारखे सुटे होतात, मुठीत दाबले तरी त्यांचा गोळा वळत नाही. अशा थरावर वाऱ्याने आणून टाकलेला घट्ट बर्फ बसला, की एका माणसाच्या वजनानेही सबंध लादी सुटू शकते. आपल्याकडे दरड पावसाने सुटते. तिथे हिमस्खलनात सापडणाऱ्यांपैकी बहुतेकांवरची लादी त्यांनी स्वतः किंवा सोबत्याने सोडवलेली असते.

लादी बहुधा 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटते. उतार डोळ्यांनी जोखू नकोस, मोबाइलने मोज. सपाटीवर चालत असलीस तरी डोक्यावरचा उतार मोजायला विसरू नकोस. वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला बर्फ साठतो, म्हणून नितळ, भरलेला उतारच अधिक संशयास्पद. पायाखाली ‘धप्प’ असा दबका आवाज आला, पावलापासून तडा पळत गेला, किंवा शेजारचा तसाच उतार नुकताच कोसळलेला दिसला, तर पुढे चर्चा नको, मागे फिरायचे. हिमवृष्टीनंतरच्या पहिल्या निरभ्र सकाळी सगळ्यांना निघायची घाई होते, आणि नव्या बर्फाला तर अजून बसायलाही वेळ मिळालेला नसतो.

चंदीगडच्या डीजीआरई या संरक्षण संशोधन संस्थेचा हिमस्खलनाचा इशारा रोज पाहा. बीकन (गाडलेल्याचा ठाव सांगणारे रेडिओ यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे प्रत्येकाजवळ हवे, ते वापरण्याचा सरावही हवा. गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तर बरीच आशा असते, पुढे ती झपाट्याने घटते, आणि तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही.

एकदा आमच्या तुकडीप्रमुखाने खड्डा खणून थर पाहिले, फावड्याने हलकेच ठोकताच वरची लादी सरकली, आणि त्याने सर्वांना परत फिरवले. चार दिवस आम्ही तंबूत चरफडत बसलो. तो उतार त्या चार दिवसांत कोसळला नाही. तरीही त्याचा निर्णय बरोबर होता, हे मला पटायला बरीच वर्षे लागली.

तुझे कुडाळपर्यंतचे परतीचे तिकीट ट्रेक संपण्याच्या दुसऱ्याच दिवशीचे आहे, असे आई म्हणाली. ते रद्द कर आणि तीन दिवस पुढचे काढ. गाडी चुकेल या धास्तीने कोणी उतार ओलांडू नये. पैसे मी पाठवतो.

तुझे बाबा