50 हजारांच्या अनुदानाला 15 टक्क्यांची कात्री

प्रति,
मा. केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली

विषय : धर्मादाय न्यासांनी लहान संस्थांना दिलेल्या अनुदानावरची 85 टक्क्यांची मर्यादा

महोदया, सादर नमस्कार.

जिल्ह्यातल्या देणग्या एका ठिकाणी जमवायच्या आणि जिल्ह्यातल्याच वाचनालयांना, पाळणाघरांना, पाणलोटाचं काम करणाऱ्या संस्थांना 25-50 हजारांनी वाटायच्या, एवढंच काम करणारे न्यास असतात. 1914 साली अमेरिकेत क्लीव्हलँडला सुरू झालेली ही पद्धत आपल्याकडेही रुजते आहे. अशा न्यासांचे हिशेब पाहताना 2023 च्या वित्त कायद्यातली एक तरतूद दरवर्षी आडवी येते.

प्राप्तिकरात सूट हवी तर न्यासाने उत्पन्नाचा 85 टक्के भाग धर्मादाय कामावर खर्चावा, 15 टक्के शिल्लक ठेवता येईल, हा नियम जुनाच. पूर्वी दुसऱ्या नोंदणीकृत न्यासाला दिलेली रक्कम पूर्ण खर्चात धरली जाई. 2023-24 या आर्थिक वर्षापासून तिचे 85 टक्केच धरले जातात. म्हणजे 100 रुपयांतले 85 वाटले आणि 15 पडत्या वर्षासाठी राखले, तर हिशेबात खर्च दिसतो 72 रुपये 25 पैसे. 85 ला कमी पडणाऱ्या पावणेतेरा रुपयांसाठी प्राप्तिकर खात्याचा ठरलेला फॉर्म भरून पाच वर्षांपर्यंत रक्कम साठवता येते, पण ती दुसऱ्या न्यासाला देता येत नाही. वाटप हेच ज्याचं काम, त्याला ती सोय काय कामाची? सगळे 100 वाटून टाकले तर हिशेब बरोबर 85 वर बसतो, पण गंगाजळी शून्य. दुष्काळी साली देणग्या आटतात आणि मागणी वाढते, तेव्हा कपाट रिकामं.

मग न्यास पळवाट काढतात. रोख अनुदान न देता वस्तू स्वतःच घेतात, कारण स्वतःच्या नावाचं बिल पूर्ण खर्चात धरलं जातं. वाचनालयाला चार रॅक आणि दोन पंखे हवे असतात. गावातला वेल्डर भिंतीच्या मापाने रॅक करून देईल, पण न्यासाचं कार्यालय पडलं जिल्ह्याच्या गावी. तिथेच तीन कोटेशनं मागवली जातात, तयार रॅक टेम्पोतून येतात, भाडं वेगळं, आणि खिडकीखाली बसतच नाहीत. वाचनालयाच्या सचिवाच्या वाट्याला येते फक्त 'माल मिळाला' ही सही. पुढे पंखा बंद पडला की वॉरंटी कार्डावर नाव न्यासाचं आणि दुकान 60 किलोमीटरवर. लहान अनुदानाचा खरा उपयोग असतो तो गावच्या मंडळींनी स्वतः ठरवून, घासाघीस करून, हिशेब लिहून खर्च करण्यात. तोच इथे बुडतो.

तरतुदीमागचं कारण आम्हाला मान्य आहे. एकाच घरचे तीन न्यास काढून, पैसे एकातून दुसऱ्यात फिरवत प्रत्येक पायरीला 15 टक्के राखले, तर 100 रुपयांतले जेमतेम 61 कामाला लागतात. पण 50 हजारांवरचे साडेसात हजार साठवायला कोण न्यास काढील? (परदेशी निधी पुढे वाटायला 2020 पासून बंदीच आहे, तो विषय गृह खात्याचा.)

मागणी अशी : एका संस्थेला वर्षाला 2 लाखांपर्यंत दिलेलं अनुदान पूर्ण खर्चात धरावं. अटी जरूर घाला. दोन्हींकडे एकही विश्वस्त सामाईक नसावा. रक्कम पुढे तिसऱ्याला देऊ नये. 12 महिन्यांत पूर्ण खर्चावी. पुरावा म्हणून बिलांच्या प्रती आणि अध्यक्ष-खजिनदारांच्या सहीचा विनियोग दाखला पुरेसा मानावा. प्रत्येक अनुदानाला सनदी लेखापालाचा वेगळा दाखला मागितला, तर 25 हजारांतला डोळ्यांत भरण्याइतका हिस्सा फीमध्येच जातो. आणि फॉर्म भरून साठवलेली रक्कम याच मर्यादेत, याच अटींवर वाटू द्यावी.

ही दुरुस्ती येत्या वित्त विधेयकात व्हावी. 31 मार्चनंतर आलेल्या खुलाशाचा त्या वर्षीच्या वाटपाला उपयोग होत नाही. रॅक तोवर टेम्पोत चढलेले असतात.

आपले,
लहान न्यासांचे हिशेब पाहणारे आम्ही काही जण