गजूस, पथ्रोटहून

प्रिय गजू,

परवा फोनवर तू सहज विचारलंस, "टेसनाकडे जातोस का रे कधी?" तेव्हा नुसतं "जातो ना" एवढंच म्हणालो. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. पण प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून आज निवांत कागद घेऊन बसलो.

जातो. आपली अचलपूर–मुर्तिजापूरची छोटी गाडी, शकुंतला, बंद पडली, तरी कापसाची वेचणी सुरू झाली की संध्याकाळी टेसनाकडून चक्कर मारतो. पिवळी पाटी अजून उभी आहे, अक्षरं मात्र ऊन खाऊन विटली. फलाटावर कोणी कापूस वाळू घालतं, कोणी तुरीच्या काड्या रचून ठेवतं. त्यांना मी बोलत नाही. कोरडी, उंच जागा आहे, वापरात आहे हे बरंच म्हणायचं. रूळ काही ठिकाणी दिसतात, काही ठिकाणी मातीखाली गेलेत. अंजनगावच्या बाजूनं थोडं चाललं की बाभळी इतक्या दाटल्या आहेत की वाकून जावं लागतं. काही शेतांमध्ये धुरा सरकत सरकत भरावाच्या पोटाशी आला आहे. आणखी थोडी वर्षं गेली तर इथून गाडी जायची हे सांगायला दगडी मोऱ्याच काय त्या उरतील. मोऱ्या मात्र अजून खणखणीत आहेत. दगड हलला नाही एक.

तुला बाजाराच्या दिवसाची शकुंतला आठवते? डब्यात पाय ठेवायला जागा नसायची. पानपिंपरीची पोती, संत्र्यांच्या टोपल्या, कोंबड्या, मेळघाटातून वेचणीला उतरलेली कोरकू माणसं आपल्या बोऱ्याबिस्तऱ्यासकट. एसटीपेक्षा तिकीट कितीतरी कमी, म्हणून गरिबाची गाडी हीच. ताशी वीस-पंचवीस किलोमीटरनं चालायची. अचलपूर ते मुर्तिजापूर शहात्तर किलोमीटर, म्हणजे जवळपास अर्धा दिवस गेला म्हणून समज. फाटक आलं की गाडी थांबायची, गाडीतलाच माणूस खाली उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की उघडायचा आणि धावत येऊन परत चढायचा. शेताच्या बांधावरून कोणी हात हलवला की गार्ड डायवरला ओरडायचा, "थांब न बे, बुढी येऊन राह्यली!" आणि गाडी खरंच थांबायची. मी पुढे मोठमोठ्या गाड्यांतून फिरलो, पण माझ्या मायसाठी थांबलेली गाडी ही एकच.

माझी आत्या दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात दिलेली. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते पाणी तुला माहीत आहेच. तोंडात धरवत नाही, तुरीची डाळ शिजता शिजत नाही. आपण सातपुड्याच्या पायथ्याशी, आपल्याकडे गोड्या विहिरी. आत्या माहेरी आली की जाताना आमच्या विहिरीचं पाणी दोन कळशा भरून, तोंडाला फडकं बांधून गाडीत चढवायची. एसटीत कंडक्टर कुरकुर करायचा. इथं कोणी काही म्हणत नसे, उलट लेहगाव येईपर्यंत डब्यातली माणसंच कळशीला हात लावून बसायची, हिंदकळू नये म्हणून. त्या पाण्यात एक दिवस वरण शिजायचं तिच्या घरी, आणि ती पुढच्या भेटीत सांगायची, "माहेरचं वरण खाल्लं बापा." गोड्या पाण्यापासून खाऱ्या पाण्यापर्यंत जाणारी ती वाट होती आपली. नकाशात हे कुठे लिहिलेलं नसतं.

आता तुझा तो जुना मुद्दा. कॉलेजात असताना तू म्हणायचास की ही लूट वाहून नेणारी गाडी, तिचं एवढं काय कौतुक. तुझं म्हणणं खोटं नाही. आपल्या सुर्जी-अंजनगावलाच 30 डिसेंबर 1803 रोजी दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला. त्यानंतर शतकभरानं किलिक निक्सन या इंग्रजी कंपनीनं 1910 साली सेंट्रल प्रोव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडच्या कापसाकडे अडीच फुटी रूळ टाकले: मुर्तिजापूरहून इकडे अचलपूर, तिकडे 113 किलोमीटरवर यवतमाळ, आणि पुलगावहून आर्वी. सगळ्या वाटा मुंबईच्या मोठ्या लाइनीला नेऊन जोडलेल्या. जिनिंगमधून रुईच्या गाठी बाहेर पडायच्या, या रुळांवरून मुंबईच्या बंदराला, तिथून मँचेस्टरला. इंजिन आलं तेही मँचेस्टरचंच. 1994 मध्ये वाफेचं इंजिन निघालं, डिझेलचं आलं. देश स्वतंत्र झाला तरी रूळ मात्र त्या खासगी कंपनीच्याच नावावर राहिले. गाडी आपली रेल्वे चालवायची आणि मोबदला कंपनीला द्यायची. मालक एक, चालवणारा दुसरा. मग गिट्टी कोण टाकणार, स्लीपर कोण बदलणार? पावसाळ्यात आपली काळी माती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीवरच्या रुळांना कायम निगा लागते. ती झाली नाही, वेग उतरत गेला, माणसं एसटीकडे आणि मोटारसायकलकडे वळली, आणि शेवटी यवतमाळकडची बंद पडली, आपल्याकडचीही.

पण गजू, भराव कोणी घातला? माती वाहिली ती आपल्याच आज्या-पणज्यांनी. ज्यानं बांधली त्याचा हेतू कापसाचा होता, हे मान्य. आपण तिच्यावरून लेकी सासरी धाडल्या, पोरं परीक्षेला नेली, दुखणाईत माणूस मुर्तिजापूरला पोचवला. शंभर वर्षं वापरल्यावर ती गोष्ट वापरणाऱ्याची होते असं मला वाटतं, कागद कोणाच्याही नावावर असो. माथेरानची छोटी गाडी जपली गेली, कारण तिथे सहलीला जाणारे लोक आहेत. आपल्या गाडीत बसणारा माणूस कोरकू मजूर आणि टोपलीवाली बाई. तिच्यासाठी वर्तमानपत्रात कोण लिहिणार? अचलपूरकडची काही मंडळी अधूनमधून टेसनावर जमतात, निवेदनं देतात. मीही जातो त्यांच्यात. जाणार.

2016 साली सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना ब्रॉडगेजची घोषणा झाली, दीड हजार कोटींच्या आसपासची. तेव्हा गावात पेढे वाटले होते, तुला फोटो पाठवला होता. तिकडे वर्धा–यवतमाळ–नांदेड या नव्या लाइनीवर फेब्रुवारी 2024 मध्ये वर्ध्याहून कळंबपर्यंत गाडी धावायला लागली. आनंदच आहे त्याचा. आपल्याकडे मात्र बाभळी. मला जुनी गाडी जशीच्या तशी परत हवी, असा माझा हट्ट नाही. मोठी लाइन यावी, कापूस-संत्रा सरळ दूर जावा, पोरांना अकोला-नागपूर जवळ व्हावं. भीती एकच वाटते: मोठी लाइन आली तर ती पथ्रोटला थांबेल का? कापूसतळणीला, लेहगावला थांबेल का? नव्या टेसनांची यादी करणाऱ्यानं एकदा या जुन्या फलाटांवर येऊन बघावं, इथं माणसं राहतात.

म्हणून तुझ्याकडे एक काम आहे. तुझे बाबा एवढी वर्षं गँगमन होते. भर पावसात रात्री कंदील घेऊन रूळ बघायला निघायचे, आणि आपण दोघं त्यांच्या मागे जायला रडायचो. आपल्या बाजूची प्रत्येक मोरी त्यांना नावानं ठाऊक आहे, कोणत्या ठिकाणी भराव खचायचा, पूर्णेच्या पुलावर पाणी चढलं की काय करायचे, लखपुरीला निरोप कसा पोचायचा, सगळं. हे कुठेच लिहिलेलं नाही. सकाळी चहा झाला की ते खुशीत असतात. तेव्हा फोनमध्ये त्यांचं बोलणं भरून घे. घाई करू नको, मध्ये टोकू नको, ते वऱ्हाडीत बोलतील तसंच राहू दे. मोऱ्यांची नावं आली की मी इथं जाऊन एकेक शोधतो आणि फोटो काढून त्यांना पाठवतो. कोणती कोणती ते ओळखतील.

आणि जमलं तर बाबांनाच घेऊन ये, संक्रांतीच्या आत, थंडीत. पुण्याहून गाडीनं मुर्तिजापूरला उतरा, पुढे एसटीच्या भानगडीत पडू नका. मी गाडी घेऊन येतो. दर्यापूरवरून सावकाश येऊ, म्हणजे त्यांना लाइन जिथं जिथं दिसते तिथं उतरता येईल. त्यांचे गुडघे दुखतात हे लक्षात आहे, चालवणार नाही फार. माय म्हणाली, पोट्ट्याला सांग, भरीत-भाकर आणि ओल्या तुरीच्या दाण्यांची आमटी तयार ठेवते.

बाबांना नमस्कार सांग. वहिनींना आणि पोरांना आठवण. तारीख ठरली की कळव, त्या दिवशी दुकान बंद ठेवीन.

तुझाच,
विनू