शाळेला नियम, गाण्याच्या वर्गाचे काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जुलै लागला की सोलापुरात समूहगीतांचे सराव सुरू होतात. आधी १५ ऑगस्ट, मग गणपती, नवरात्र, पुढे २६ जानेवारी. शाळांचे संघ असतातच, शिवाय बरीच मुले खासगी गायनवर्गांच्या आणि मंडळांच्या बालवृंदांत गातात. कोणाच्या घराच्या माडीवर, कुठे मंदिराच्या सभामंडपात, तर कुठे शाळा सुटल्यावर तिच्याच हॉलमध्ये सराव चालतो. मी संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झाले आणि आजही मुलांची गाणी बसवून देते. या वृंदांमधल्या मुलांच्या सुरक्षिततेबद्दल आता उघड बोलायला हवे, म्हणून हे पत्र.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर झालेल्या लैंगिक अत्याचाराची घटना उघडकीस आली आणि शाळांसाठी सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी यांचे आदेश निघाले. पालकही शाळेला चार प्रश्न विचारू लागले. संध्याकाळी तेच मूल गायनवर्गात हार्मोनियमसमोर जाऊन बसते, तिथे मात्र कोणी काही विचारत नाही. ‘सर देवमाणूस आहेत’ एवढ्यावर भागते. बहुतेक सर खरोखरच चांगले असतात, जीव ओतून शिकवतात. पण मुलांची सुरक्षितता कोणाच्या चांगुलपणावर सोडून द्यायची गोष्ट नव्हे.

गाणे शिकवण्याच्या पद्धतीतच काही गोष्टी अशा आहेत, की बाहेरच्याला त्यात वावगे दिसत नाही. समूहगीतात एखाद-दुसरी ओळ एकट्याने गायची असते. ती कोणाला द्यायची हे सर ठरवतात आणि त्या ओळीसाठी मूल काहीही ऐकायला तयार असते. ‘सगळे गेले की तू थांब, तुझी ओळ पक्की करू’ असे सांगितले, की मुलाला आणि घरच्यांनाही तो मान वाटतो. ही ओळ बाकीची मुले समोर बसलेली असतानाही पक्की होते. मी नेहमी तशीच करून घेतली. चार जणांपुढे गायची सवय तिथेच लागते.

दुसरी गोष्ट श्वासाची. ‘पोटातून श्वास घे’ हे समजावताना मुलाच्या पोटाला, बरगड्यांना हात लावून दाखवणारे शिक्षक असतात. त्याची काहीच गरज नाही. शिकवणाऱ्याने स्वतःच्या पोटावर हात ठेवून दाखवावे, मुलाने आपला हात आपल्या पोटावर ठेवावा. किंवा सगळ्या वर्गाला सतरंजीवर उताणे झोपवून प्रत्येकाच्या पोटावर त्याची वही ठेवावी. वही वर-खाली होताना मुले खिदळतात, पण श्वास कुठून घ्यायचा ते त्यांना पाच मिनिटांत कळते.

मुलग्यांबद्दल तर आपण फारच गाफील असतो. तेराव्या-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, कालपर्यंत सहज लागणारा तार सा, म्हणजे वरच्या पट्टीतला सा, लागेनासा होतो. अशा मुलाची सगळ्यांदेखत थट्टा होते, त्याला मागच्या रांगेत ढकलले जाते. त्या वयातले मूल एकटे पडले, की त्याला जवळ करणाऱ्या कोणाच्याही ताब्यात जाऊ शकते. ‘मुलग्याला काय होणार?’ ही समजूत सोडून द्यायला हवी. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना संरक्षण देणारा २०१२ चा पोक्सो कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकासाठी आहे, मुलगा असो की मुलगी.

याच कायद्याच्या २०२० च्या नियमांत शाळा, पाळणाघरे, क्रीडा अकादमी यांच्याबरोबरच मुलांशी नियमित संबंध येणाऱ्या इतर संस्थांनाही कर्मचाऱ्यांची पोलिस पडताळणी ठरावीक काळाने करून घेणे बंधनकारक केले आहे. गायनवर्ग त्याला अपवाद कसा असेल? तबलजी, साउंडवाला, मुलांना ने-आण करणारा चालक, या सगळ्यांची माहिती वर्गचालकाकडे असलीच पाहिजे. आणि काही कानावर आले तर ‘वृंदाचे नाव खराब होईल’ म्हणून आपसात मिटवता येत नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मुलाचे नाव उघड करायला कायद्याने बंदी आहे, जबाबही मुलाच्या घरी घेता येतो. पालकांना हे माहीत नसते, म्हणून बदनामीच्या भीतीने ते गप्प बसतात.

आपल्या शहरात याला आणखी एक पदर आहे. पूर्व भागातली कितीतरी गुणी मुले विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या घरातली आहेत. कामाच्या वेळा सांभाळून आईवडिलांना सरावाला येऊन बसणे जमत नाही. सरांनी फी माफ केलेली असेल, तर एवढे उपकार करणाऱ्या माणसाला प्रश्न तरी कसा विचारायचा, असे त्यांना वाटते. म्हणूनच वर्गाचे नियम प्रवेशाच्या दिवशीच सगळ्यांना लेखी द्यावेत आणि मराठीबरोबर तेलुगू, कन्नडमध्येही द्यावेत. नियम असे: सराव चालू असताना दार उघडे राहील. रात्री शेवटचे मूल घरी जाईपर्यंत दोन मोठी माणसे थांबतील. मुलाला सरांचा निरोप पालकांच्या ग्रुपवरच येईल, मुलाच्या फोनवर नाही. सरांबद्दलच काही सांगायचे असेल तर ज्या बाईंकडे जायचे, त्यांचा नंबर आणि १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन भिंतीवर ठळक लावलेली असेल. चांगल्या शिक्षकाला यातले काहीही जड जाणार नाही, उलट खोट्या संशयापासून त्याचेही रक्षण होईल.

स्पर्धेसाठी परगावी मुक्काम पडतो, तिथे सर्वांत जास्त जपायला हवे. स्पर्धेच्या प्रवेश अर्जांत गीताचा कालावधी, वादकांची संख्या, मुलांच्या जन्मतारखा असे सगळे बारकाईने विचारलेले मी पाहिले आहे. मुलांबरोबर रात्री कोण राहणार, मुलींबरोबर महिला आहे का, हे विचारलेले मात्र एकाही अर्जात पाहिले नाही. शहरातल्या सर्व स्पर्धा आयोजकांना माझी विनंती आहे, की या वर्षीच्या अर्जात तो रकाना घाला आणि तो रिकामा ठेवणाऱ्या संघाचा अर्ज परत पाठवा.

आपली,
एक निवृत्त संगीत शिक्षिका, सोलापूर