चित्र छापा, खालची ओळ नको

संपादक साहेब, नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ते ससा की बदक वालं चित्र छापलंत, त्याबद्दल लिहितोय. चित्र मस्तच आहे, माझी तक्रार खालच्या ओळीबद्दल आहे. 'ज्याला जे दिसतं ते त्याच्यापुरतं बरोबर, शेवटी ज्याचा त्याचा दृष्टिकोन!' असं लिहून तुमचा माणूस मोकळा झाला आणि आमच्या ऐरोलीच्या घरात अख्खी सकाळ भांडणात गेली.

झालं असं की मिसेसला बघताक्षणी बदक दिसलं, चोच डावीकडे. नात सात वर्षांची, तिला ससा, तोंड उजवीकडे. दोघी ऐकेनात. शेवटी मी नातीला म्हणलं, अगं ते सशाचे कान आहेत ना, तीच चोच आहे बघ, तर ती पेपर फिरवून, लांब धरून, एक डोळा मिटून बघत बसली आणि मग एकदम किंचाळली, "आबा, बदक आलं!" आलं म्हणाली. कागदावरची एक रेघ हलली नव्हती, शाई तीच, माझ्या चहाचा डागही तिथेच, आणि तरी पोरीसमोर बदक आलं. मिसेसला मात्र अजून ससा दिसलेला नाही, आणि दिसायची गरजही नाही असं तिचं म्हणणं आहे.

आता हे चित्र काही फॉरवर्डमधलं नवीन कोडं नाही हो. १८९२ साली म्युनिकच्या एका विनोदी साप्ताहिकात ते आलं, मग जोसेफ जॅस्ट्रो नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ते उचललं, पण खरं गाजवलं ते विट्गेन्श्टाइनने. हा तत्त्ववेत्ता १९५१ ला वारला आणि ज्या पुस्तकात हे चित्र आहे ते त्यानंतर दोन वर्षांनी आलं. मी काही फिलॉसॉफीचा माणूस नाही, रबाळे एमआयडीसीत तीस वर्षं क्यूसीला, म्हणजे माल तपासून पास-नापास करण्यात काढली, पण रिटायर झाल्यावर वेळ असतो म्हणून वाचलं, आणि त्याचा एक मुद्दा डोक्यात पक्का बसला. 'दिसणं' वेगळं आणि 'अमुक म्हणून दिसणं' वेगळं. ताटात पोळी वाढली तर आपण 'मला ही आता पोळी म्हणून दिसतेय' असं म्हणत नाही, पोळी आहे म्हणतो आणि खातो. तसंच आमची मिसेस. तिला बदक 'म्हणून' काही दिसत नाहीये, तिच्यासाठी ते बदकच आहे, विषय संपला. 'आता मला हे बदक म्हणून दिसतंय' हे बोलायचा हक्क फक्त नातीला, कारण तिने दोन्ही बघितलंय.

आणि म्हणूनच मला तुमची ओळ खटकली. दृष्टिकोन हा शब्द ज्याने दुसरी बाजू एकदा तरी बघितली त्यानेच वापरावा. ज्याने एकच बघितलंय तो दृष्टिकोन म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं की माझं डोकं खाऊ नका.

हे मला आमच्या सोसायटीच्या मीटिंगला नीट कळलं. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे खाडीची तिवरं, म्हणजे मॅन्ग्रोव्हची झाडं आहेत. एका मेंबरने विषय काढला की वास येतो, डास होतात, ओहोटीला नुसता काळा चिखल दिसतो, तर थोडी तिवरं छाटून भराव टाकू, आठ-दहा गाड्यांचं पार्किंग निघेल आणि वरच्या मजल्यांना व्ह्यू पण ओपन होईल. मी म्हणलं अहो कायद्याने बंदी आहे, हायकोर्टाने २००५ पासून तिवरं तोडायला मनाई केलीये, तर आमचे चेअरमन काय म्हणाले असतील? "काका, तुमचा दृष्टिकोन वेगळा, आमचा वेगळा." टाळ्या. मग वडापाव आले.

म्हणजे बघा, तुमच्या पुरवणीतली ओळ आणि आमच्या चेअरमनची ओळ एकच.

क्यूसीत असताना आमच्याकडे रोज हे व्हायचं. कास्टिंगवर, म्हणजे धातू ओतून केलेल्या पीसवर, एक बारीक रेघ, प्रॉडक्शनवाला म्हणणार स्क्रॅच आहे साहेब पास करा, मी म्हणणार क्रॅक आहे. तिथे कोणी दृष्टिकोन काढत बसत नाही, डाय टेस्ट करायची. पीस साफ करायचा, लाल डाय मारायचा, थोडं थांबायचं, वरचा डाय पुसायचा आणि पांढरा डेव्हलपर फवारायचा. क्रॅक असेल तर आत शिरलेला लाल रंग पांढऱ्यावर आपोआप वर येतो, केसाएवढी रेघ, पण रक्तासारखी लाल. ती उमटताना बघायला तीस वर्षांनीही मजा यायची खरं सांगतो. आणि एकदा उमटली की प्रॉडक्शनवाला गप. आपल्याकडे वेदान्तात दोरीवरच्या सापाचं उदाहरण देतात ते हेच. अंधारात दोरी साप वाटली, दिवा आणला, साप गेला. पण गेलेला साप परत येत नाही, ससा-बदक मात्र आलटून पालटून येत राहतात. दिवा आणा, ट्यूब लावा, काही फरक नाही. दोन्हीकडे 'वेगळं दिसलं' असंच म्हणतो आपण, पण प्रकार पार वेगळे.

२०१५ ला नेटवर गाजलेला त्या ड्रेसचा फोटो आठवतो का, निळा-काळा की पांढरा-सोनेरी? आमच्या ऑफिसात त्यावरून दोन पार्ट्या पडल्या होत्या. फोटोतला उजेड सावलीतला धरायचा की पिवळ्या दिव्याचा हे मेंदू आपल्याला न विचारता ठरवतो आणि त्याप्रमाणे रंग वजा करतो, म्हणून तो घोळ. पण खरा ड्रेस निळा-काळाच होता. त्यामुळे पांढरा-सोनेरी दिसणारे वेडे नव्हते, पण चूक होते, आणि त्यात मी पण होतो.

तर आता त्या चिखलाचं. मीटिंगनंतर दोन दिवसांनी मी दिवा कोळीवाड्यातल्या आमच्या मासेवाल्या मावशींना सहज हे सांगितलं, त्या हसल्या आणि मला ओहोटीला खाडीवर घेऊन गेल्या. मी बघतोय तर चेअरमन म्हणतो तेच, काळा चिखल, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या. मावशी बोट दाखवतात, "त्यो बघ निवटा, डोले वर करून बसलाय." कुठे? मला काहीच नाही. "अरं तं बघ ना, बिलाच्या तोंडाला." आणि मग दिसला साहेब, चिखलाच्याच रंगाचा मासा, डोक्यावर दोन बटणासारखे डोळे, आणि एक दिसल्यावर दुसरा, तिसरा, आणि अख्खा चिखल हलायला लागला, सगळीकडे बिळं, चिंबोऱ्यांच्या नांग्या, मी नातीसारखा ओरडलोच असणार. या ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये ती रामसरच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, हे सगळं मी पेपरात वाचलं होतं, तुमच्याच. फ्लेमिंगो मान खाली सोडून चोच उलटी करून याच चिखलातलं शेवाळ गाळून खातात हेही वाचलं होतं. वाचून चिखल चिखलच राहिला होता.

आता वास येतोच, डास आहेतच, मी नाही म्हणत नाही, मावशी पण म्हणत नाहीत. चिखल त्यांनाही दिसतो. पण त्यांना दोन्ही दिसतं आणि चेअरमनला एकच, मग या दोन मतांना सारखं वजन कसं काय? जैनांचा अनेकान्तवाद, म्हणजे एकाच गोष्टीला अनेक अंगं असतात हा विचार, लोक 'सगळेच बरोबर' म्हणून खपवतात, हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट सांगतात आणि टाळी घेतात. पण त्यांच्याकडे एका अंगाने बघण्याला 'नय' म्हणतात आणि बाकीची अंगं नाहीतच असं म्हणायला लागलं की त्याला 'दुर्नय' असा चक्क वेगळा शब्द आहे. आणि त्या गोष्टीतले लोक आंधळे होते, पाय तर धड होते ना? सोंड धरणाऱ्याने चार पावलं मागे जाऊन शेपटी चाचपली असती तर काय बिघडलं असतं?

पार्किंगचा विषय पुढच्या मीटिंगला परत आहे. मी चेअरमनला ओहोटीची वेळ मेसेज केलीये आणि मावशी येतो म्हणाल्यात. ब्लू टिक आलीये, रिप्लाय नाही.

तुम्हाला विनंती एवढीच की असं चित्र परत छापाल तेव्हा खाली काही लिहू नका, आणि जमलं तर जरा मोठं छापा, मिसेसला चष्म्याचा नंबर वाढल्यामुळे ससा दिसत नाही असं आता ती म्हणायला लागलीये.

आपला एक वाचक,
ऐरोली, नवी मुंबई