विषय: बाग आणि पेव्हर ब्लॉकचं काम देण्याआधी थोडं थांबावं याबद्दल

चेअरमन काका, नमस्कार.

ग्रुपवर लिहिलं असतं पण तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांत मेसेज वाहून जातो, म्हणून कागदावर लिहून वॉचमनकडं देतोय. मागच्या मोकळ्या जागेत बाग, पेव्हर ब्लॉकचा रस्ता आणि कंपाउंडची पडलेली बाजू असं सगळं काम एकाच कॉन्ट्रॅक्टरला द्यायचं कमिटीनं जवळजवळ ठरवलंय असं कळलं. काम करायलाच पाहिजे, त्याला माझा अजिबात विरोध नाही. सेक्रेटरी ताईंनी कोटेशन दाखवलं तेवढं बघून मात्र झोप लागेना. एक पान, त्यात वरती फोटो, मध्ये "गार्डन व पेव्हिंग काम संपूर्ण, लमसम" (म्हणजे मोजमाप न देता सगळ्याची एकच रक्कम) आणि खाली रक्कम, सुरुवातीला 50 टक्के ॲडव्हान्स. ब्लॉक लाल घ्यायचे का करडे यावर अर्धा रकाना भरलाय आणि ब्लॉकच्या खाली काय घालणार याचा एक शब्द नाही.

दोन वर्षांपूर्वी जुळे सोलापुरात सासऱ्यांच्या घरापुढं आम्ही असंच लमसम काम दिलं होतं. माणूस गोड बोलायचा, फेब्रुवारीत तीन दिवसांत ब्लॉक टाकून मोकळा झाला, आम्ही पण खूश, जेवायला घातलं त्याला. सप्टेंबरचा पाऊस झाला (आपल्याकडं खरा पाऊस तेव्हाच पडतो, जून नुसता ढग दाखवतो) आणि गेटपाशी ब्लॉक असे बसले की बायकोची स्कूटी स्टँडवर लावली की हळूहळू कलायची. खालची एक ओळ उचलून बघितली तर ब्लॉक, त्याखाली दोन बोटं कच (दगडाचा बारीक चुरा) आणि त्याखाली सरळ काळी माती. मुरूम नाही, रोलर तर सोडाच. फोन केला की "येतोय की ओ साहेब, उद्या सकाळीच येतो". ती सकाळ अजून यायचीय. आमची पण चूक होतीच, लिहून काहीच घेतलं नव्हतं, मग भांडणार कशाच्या जोरावर.

आपल्या मागच्या जागेत तीच माती आहे काका. परवा माझ्या मुलानं पार्किंगच्या मागच्या भेगेत शाळेची बारा इंची स्केल घातली तर सगळी आत गेली, काढायला पक्कड लागली. ही माती पाणी प्यायली की फुगते, सुकली की आकसते, वरचं सगळं तिच्याबरोबर हलतं. कंपाउंडची भिंत त्यानंच फाटली असणार, पाया काळ्या मातीतच सोडलाय असं मला वाटतं. म्हणून पहिली विनंती ही की कुणालाही काम द्यायच्या आधी मागच्या दोन कोपऱ्यांत तीन-तीन फुटाचे खड्डे मारून बघू, एका मजुराचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. काळी माती किती खोल आहे, मुरूम कुठं लागतो ते कळलं की कॉन्ट्रॅक्टर आपल्याला वाटेल ते सांगू शकणार नाही, आणि भिंतीचा पाया किती खाली न्यायचा ते पण इंजिनिअरला सांगता येईल.

रस्त्याखाली निदान दीड फूट काळी माती काढून बाहेर न्यायची, मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून रोलरनं दाबायचा, त्यावर खडीचा थर, मग इंच-दीड इंच कच आणि मग ब्लॉक. कडेला काँक्रीटमध्ये बसवलेला कर्ब, म्हणजे काठाचा दगड पाहिजे, नाहीतर ब्लॉक बाहेर सरकत जातात. उतार दहा फुटाला सव्वा इंच, गटाराकडं, बी विंगच्या भिंतीकडं नाही (हे मी माझ्या बेडरूमसाठी सांगतोय, मान्य आहे). मुरूम किती ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) आला ते ट्रकला टेप लावून लिहून ठेवायचं आणि थर दाबल्यावर फोटो काढल्याशिवाय पुढचा थर नाही.

आणि कोटेशनमध्ये 60 एमएम जाडीचा ब्लॉक आहे. चालायला तो पुरे. पण आपला टँकर त्याच रस्त्यानं टाकीपर्यंत जातो, दहा हजार लिटर म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, वर गाडीचं वजन वेगळं. तिथं 80 एमएम, एम-40 ताकदीच्या काँक्रीटचाच ब्लॉक घ्यावा, बाकी चालायच्या पट्ट्यात 60 राहू दे, तेवढा पैसा वाचेल.

आता लॉन. फोटोत छान दिसतं, पुण्यात कुणाच्या तरी बंगल्याचा फोटो असावा. दोन हजार फूट लॉनला आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात दिवसाला 900 लिटर तरी लागणार, महिन्याला जवळजवळ तीन टँकर, नुसत्या गवताला! उजनी भरलं तरी नळाला रोज पाणी येत नाही आणि आपण गवत पाजत बसणार. त्यापेक्षा थोडंसंच लॉन पोरांसाठी, बाकी मोगरा, कण्हेर, जास्वंद, बोगनवेल आणि ठिबक. कडेला कोनोकार्पस लावायचं लिहिलंय ते तर नकोच, मुळं पाइपात आणि ड्रेनेजमध्ये घुसतात, गुजरातनं 2023 मध्ये ते लावायलाच बंदी घातलीय.

दोन्ही कडुनिंब "अडथळा" म्हणून काढायचे असं पण त्यात लिहिलंय. काका, मे महिन्यात बाकी कुठं सावली आहे आपल्याकडं? शिवाय शहरातलं झाड महानगरपालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय तोडता येत नाही, 1975 चा कायदा आहे, दंड सोसायटीच्या नावावर येईल. झाडाभोवती मोठं आळं सोडा आणि कडेनं शहाबादी फरशीचा कट्टा करा. शहाबाद काही लांब नाही, ती फरशी खडबडीत ठेवली की पावसात पाय पण घसरत नाही आणि पत्ते खेळायला तुम्हीच पहिले येऊन बसाल.

पैशाचं थोडक्यात. तीन कोटेशन एकाच मोजमापावर मागवा, रेट फुटावर आणि ब्रासवर, बिल प्रत्यक्ष मोजून. ॲडव्हान्स 10-15 टक्क्यांच्या वर नको, पाच-दहा टक्के एक पावसाळा काढेपर्यंत अडवून ठेवा. जीएसटी धरून आकडा आहे का विचारा, टीडीएस कापायचं ऑडिटरना विचारून घ्या. रक्कम मोठी आहे तेव्हा जनरल बॉडीत ठराव झालेला बरा, नंतर कुणी बोट दाखवायला नको. खोदाई आणि ब्लॉक पावसाच्या आधी उरकावं, झाडं मात्र एक-दोन पाऊस पडल्यावरच.

रविवारी सकाळी मी घरीच आहे. टेप माझ्याकडं आहे, कुदळ वॉचमनकडं असते, आठ वाजता ऊन चढायच्या आत मागं या, चहा आमच्याकडं.

तुमचा,
बी विंग, दुसरा मजला