पाण्यात गेलेली अकरा वर्षं

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, अकरा वर्षं पाण्यात गेली." हसत म्हणालीस, पण मला ते लागलं. रात्री कपाट आवरताना तुझा पोहण्याचा जुना गॉगल सापडला, रबर पार चिकट झालेलं. झोप काही लागेना.

तुला डॉना डी व्हरोना माहीत आहे का? अमेरिकेची पोरगी. १९६० साली, तेराव्या वर्षी, तिनं ४०० मीटर मेडलेत, म्हणजे चारही प्रकारांनी पोहायच्या शर्यतीत, जागतिक विक्रम केला आणि रोम ऑलिंपिकला गेली. पण गंमत बघ, ती शर्यतच तेव्हा ऑलिंपिकमध्ये नव्हती! रिलेच्या हीटमध्ये, म्हणजे प्राथमिक फेरीत, पोहली. फायनलला दुसऱ्या मुली उतरल्या. हीटवाल्यांना तेव्हा पदकही मिळत नसे.

१९६४ ला टोकियोत मेडले आली. ५ मिनिटं १८.७ सेकंद, सुवर्ण. रिलेतलं आणखी एक. मेडले काय चीज आहे हे मी तुला काय सांगणार! बटरफ्लायनं खांदे भरून यायचे, ब्रेस्टस्ट्रोकला तू मागे पडायचीस आणि मी कठड्यावरून "ओढ, ओढ" म्हणून ओरडायचो. टायमिंग बिघडलं की टँकपासून घरापर्यंत स्कूटरवर चकार शब्द काढायचो नाही. ते चुकलंच माझं. सांगायचं राहिलं होतं इतके दिवस.

तर टोकियोनंतर, सतराव्या वर्षी, डॉनाचं पोहणं थांबलं. कॉलेजात पोहणाऱ्या मुलग्यांना शिष्यवृत्त्या होत्या, मुलींना जवळजवळ नव्हत्याच. १९६५ मध्ये ती एबीसी वाहिनीवर समालोचन करू लागली; तिथल्या टीव्हीवर खेळाबद्दल बोलणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी एक. शिष्यवृत्तीचं मात्र विसरली नाही. मुलींना शाळा-कॉलेजात, खेळातही, बरोबरीचा हक्क देणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यासाठी झगडली. टेनिसपटू बिली जीन किंगबरोबर विमेन्स स्पोर्ट्स फाउंडेशन उभी केली, ती १९७४ मध्ये.

आता तुझं. तुला पोहण्याच्या राज्य स्पर्धेवर लिहायला सांगितलंय आणि तू म्हणतेस, "मी कुठे पदकवाली?" अगं, पदकवाल्यांची नावं नि वेळा सगळेच छापतात. हीटमध्ये जीव तोडून पोहलेली पोर नंतर टॉवेलात तोंड खुपसून बाकावर बसते, ते गॅलरीतून दिसत नाही. मलासुद्धा दिसलं नाही, हातात स्टॉपवॉच होतं ना! तू त्या बाकावर बसलेली आहेस. तिथूनच लिही.

लिहून झालं की आधी मला पाठव. किती वेळ लागला ते विचारणार नाही.

तुझा,
बाबा

ता. क. गॉगल टाकायचा की ठेवायचा, कळव. आई टाकू देत नाहीये.